आसरांच्या डोहात सासूबाई

टीव्हीवर पोहण्याची शर्यत चालू होती. मी मशीनवर बसून एका ब्लाउजची बाही जोडत होते आणि सासूबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. पडद्याकडं बघत त्या शांतपणे म्हणाल्या, “त्या कडंच्या पोरीचं हात चुकाय लागल्यात. दमणार ती.” आणि ती पोरगी खरंच मागं पडली.

मी मशीन थांबवलं. “आत्या, तुम्हाला काय कळतं हो त्यातलं?”

“मला पवाय येतं न्हवं.”

सासूबाईंना मी आत्या म्हणते, आमच्याकडं तशीच पद्धत आहे. बावीस वर्षं मी या घरात नांदते आहे. त्यांना कुठली भाजी चालत नाही, कुठल्या गुडघ्यात आधी कळ येते, कुठल्या पाहुण्याचं नाव काढलेलं खपत नाही, सगळं मला पाठ आहे. पण त्यांना पोहता येतं हे मला त्या दिवशी कळलं. त्यांचं माहेर पलूस तालुक्यात, कृष्णेच्या काठावर. दहाव्या वर्षी भावांच्या मागोमाग त्या नदी पार करायच्या. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन कवठे महांकाळला आल्या, त्याला आता अठ्ठेचाळीस वर्षं झाली.

“मग इथं आल्यावर कधीच पोहला नाही?”

“कुटं पवणार? तुज्या सासऱ्याच्या हिरीत? तिच्या तळाला बेडूक उभा ऱ्हायला तरी डोकं वर दिसायचं त्येचं.” त्यांनी शेंगांची टरफलं सुपात गोळा केली. “आन सून म्हणून आल्याली बाई हिरीत उडी मारती म्हटल्यावर लोक काय म्हणलं असतं? इसरून गेली मी.”

विसरल्या नव्हत्या, हे मला दिसत होतं. बोलताना त्यांचे खांदे हलत होते.

दिवाळीला भाऊबीजेसाठी त्या माहेरी जाणार होत्या. मी म्हटलं, या खेपेला मी पण येते आणि तुम्ही नदीत पोहायचं. त्या नुसत्या हसल्या, आणि रात्री जेवताना म्हणाल्या, “लुगडं अंगाला चिकटतं पाण्यात. त्येचं काय करशील?” मी शिवणकाम करते. अंगाला न चिकटणारं, पटकन वाळणारं निळं कापड आणून मी त्यांना पायजमा आणि गुडघ्यापर्यंतचा सदरा शिवला. आयुष्यात त्यांनी पायजमा घातला नव्हता. मापं घेताना त्या दार लावून उभ्या राहिल्या.

आमच्या ह्यांना, म्हणजे त्यांच्या मुलाला, हे काही पटलं नाही. ते म्हणाले, “आई लहानपणच्या गोष्टी सांगते, तू काय मनावर घेतेस? सदुसष्ट वर्षांची आहे ती. तिला पाण्यात उतरवू नको. आणि उतरवलीस तर जबाबदारी तुझी.” मला स्वतःला पोहता येत नाही, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण मला ऐकू आलं.

भाऊबीज, कृष्णाकाठ

आत्यांचे धाकटे भाऊ अण्णामामा आम्हाला घ्यायला एसटी स्टँडवर आले होते. रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या एकामागून एक चालल्या होत्या आणि सगळीकडं ताज्या तोडलेल्या उसाचा गोडसर वास होता. आमच्या भागात दिवाळीनंतर माणसं आभाळाकडं आणि कॅनॉलकडं बघायला लागतात. इथं दिवाळीनंतरही शेताच्या बांधाला पाय घसरतो. मामींनी दुपारी भरली वांगी, खरडा, दही आणि पातळ भाकरी वाढली. आत्या दोन घास खाऊन उठल्या. “मी नदीवर जाऊन येती,” म्हणाल्या.

“अक्का, दम धर, मी येतो,” अण्णामामा हात धुवायला पळाले.

घाटाच्या दगडी पायऱ्या अजून शाबूत होत्या. पाणी पायऱ्यांना टेकून संथ चाललं होतं. आत्यांनी मला दाखवायला सुरुवात केली. त्या चिंचेखाली चपला काढायच्या, तिथून उडी, त्या समोरच्या मळीला, काठच्या गाळाच्या रानात, बाहेर. त्या बोलत होत्या आणि मी पिशवीतला निळा सदरा चाचपत होते. तेवढ्यात माझं लक्ष पायरीशेजारच्या लोखंडी पाटीकडं गेलं. नदीत मगरी आहेत, पाण्यात उतरू नये, असं लिहिलं होतं.

“खरं आहे का हे?” मी मामांना विचारलं.

मामांनी बोटानं पलीकडचा काठ दाखवला. चिखलात एक काळपट ओंडका पडला होता. बघता बघता ओंडक्यानं तोंड उघडलं आणि तसंच उघडं ठेवलं. ऊन खात पडली होती ती.

“लय झाल्यात आता,” मामा म्हणाले. “म्हसरं धुवायला बी कोण घालत न्हाई. अक्का, पायरीवनं मागं ये.”

आत्या शेवटच्या कोरड्या पायरीवर उभ्या होत्या. बराच वेळ त्यांनी त्या मगरीकडं पाहिलं. रागानं नाही. आपल्या जागेवर बसलेल्या अनोळखी पाहुण्याकडं बघावं तसं. मग त्या वळल्या आणि म्हणाल्या, “चल मंगल, च्या प्यायचा ऱ्हायलाय.”

घरी आल्यावर त्यांनी भावाला ओवाळलं, हसल्या, सगळ्यांशी बोलल्या. पण संध्याकाळी त्या माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, “त्यो सदरा तुज्या मापाचा करून घे. वाया जाईल.”

मला ते सहन झालं नाही. मी अंगणात जाऊन सुनंदाला फोन लावला. सुनंदा माझी शाळेपासूनची मैत्रीण. आता ती नर्स आहे, आणि पाटणच्या वरच्या अंगाला डोंगरातल्या एका वाडीत तिची नेमणूक आहे. तीन वर्षं ती मला बोलावत होती. वाडीच्या खाली धबधबा आहे आणि धबधब्याखाली डोह आहे, असं ती प्रत्येक फोनमध्ये सांगायची. मी विचारलं, “तुझ्या डोहात मगर आहे का गं?”

“एवढ्या उंचावर कुठली मगर? का?”

“उद्या येते. सासूला घेऊन.”

डोंगरावर

कराड मागं पडलं आणि कोयनेच्या कडेकडेनं डोंगर जवळ येऊ लागले. पाटणला वडापच्या, म्हणजे माणसं भरून नेणाऱ्या, जीपमध्ये आम्ही बसलो, नव्हे, कोंबलो गेलो. आत्या पुढं ड्रायव्हरशेजारी, मी मागं दोन शाळामास्तर आणि एका कोंबडीच्या मध्ये. घाट चढताना डाव्या हाताला दरी उघडत गेली. गवत सोनेरी झालं होतं, मधूनच लाल मातीचा पट्टा, आणि माथ्यावर पवनचक्क्यांची रांग. आमच्या तालुक्यातल्या ढालगावच्या माळावर आहेत तशाच. तिथं मात्र पवनचक्कीखाली कुसळ आणि धोंडे असतात. इथं खाली किर्र झाडी होती आणि झाडीतून पाण्याचा आवाज येत होता.

वाडीच्या फाट्यावर सुनंदा उभी होती. जीप थांबली, मिठ्या मारून झाल्या, जीप धूळ उडवत पुढच्या वळणाला गेली आणि मग मला कळलं की कपड्यांची पिशवी आत राहिली. निळा पायजमा, निळा सदरा, टॉवेल, सगळं गेलं. सुनंदानं ड्रायव्हरला फोन लावला. लागला नाही.

“उद्या परतीला आणून देईल, इथं काही हरवत नाही,” ती म्हणाली. मी मात्र रडायच्या बेतात होते. आत्यांनी माझ्याकडं बघितलं. “अगं कापाड गेलं. मी हाय की.”

वाडी पंधरा-सोळा घरांची. बहुतेक घरं गवळी धनगरांची, प्रत्येक घरापुढं म्हशी. सुनंदाच्या खोलीमागं झऱ्याचं पाणी एका रबरी नळीतून आणून सोडलेलं होतं आणि ते दगडावर धो धो पडत होतं. मी हातपाय धुतले आणि माझा हात आपोआप तोटी बंद करायला गेला. तोटी नव्हती. मी नळीचं तोंड अंगठ्यानं दाबून धरलं आणि सुनंदाला हाक मारली, “अगं, हे बंद कुठून करायचं?”

“बंद नाही करायचं. ते रात्रंदिवस चालतं.”

मी अंगठा काढला. आमच्याकडं पाहुण्याला पाण्याचा तांब्या देताना तो भरलेला आहे ना, हे घरातली बाई दोनदा बघते. इथं पाणी कुणी देत नव्हतं, घेत नव्हतं, ते आपलं चाललं होतं. आत्या त्या धारेखाली हात धरून उभ्या होत्या.

दुपारचं जेवण शेजारच्या ठकूबाईंच्या घरी झालं. ठकूबाई साठीच्या, उंच, सडपातळ, काष्ट्याचं लुगडं, कपाळाला मोठं कुंकू. त्यांच्याकडं आठ म्हशी होत्या आणि घरातली सगळी माणसं मुंबईला. त्यांनी नाचणीची गरम भाकरी, काळ्या घेवड्याची आमटी आणि चमच्यानं कापावं लागेल असं घट्ट दही वाढलं. आत्यांना नाचणीची सवय नव्हती. पहिला घास त्यांनी जपून खाल्ला आणि मग दोन भाकऱ्या संपवल्या.

“कशापायी आला एवढ्या लांब?” ठकूबाईंनी विचारलं.

“डोहात पवाय,” आत्या म्हणाल्या.

ठकूबाईंचा भाकरी थापणारा हात थांबला. “आमच्यात बाया उतरत न्हाईत डोहात.”

“का?”

“आसरा हायत तितं. साती जणी. बाईमाणूस उतरलं की वडून नेत्यात, असं म्हणत्यात. लगीन होऊन आली तवापास्नं मी वरनंच बगती. म्हसरं पाण्यावर न्यायची, काठावर थांबायचं, परत यायचं.” मग त्यांनी आत्यांकडं निरखून पाहिलं. “तुमाला पवाय येतं?”

आत्यांनी थोडा विचार केला. “येत हुतं,” त्या म्हणाल्या.

चुलीतलं लाकूड चटचट वाजत होतं. मला वाटलं, विषय संपला. सुनंदानंही माझ्याकडं बघून मान हलवली. तिला या वाडीत राहायचं होतं, लोकांना दुखवून चालणार नव्हतं. पण आत्यांनी ताटातला शेवटचा दह्याचा घास घेतला आणि साधेपणानं विचारलं, “ठकूबाई, आसरा बायाच न्हवं?”

“बायाच की.”

“मग त्यांना बाईमाणसाचं वावडं का असंल? त्यांची वटी भरू, नारळ देऊ, इचारू त्यांना. नको म्हणल्या तर माघारी येऊ.”

ठकूबाई बराच वेळ तव्यावरच्या भाकरीकडं बघत राहिल्या. भाकरी करपायला लागली तशी त्यांनी ती उचलली. “सकाळी ऊन डोहात उतरलं की जाऊ. आन कमरंला दोर बांदल्याबिगर मी उतरू द्यायची न्हाई.”

डोह

सकाळी सुनंदानं आत्यांचा रक्तदाब तपासला. ठीक होता. ठकूबाई आपलं एक जुनं, धुऊन मऊ झालेलं नऊवारी लुगडं घेऊन आल्या. “पिशवी गेली न्हवं तुमची. ह्ये नेसा.” आत्यांनी ते नेसलं, काष्टा घट्ट खोचला, पदर कमरेला आवळला, आणि माझ्या शिवणकामाचं मला पुन्हा वाईट वाटलं नाही. पायजम्यात त्या इतक्या आपल्याशा कधीच दिसल्या नसत्या.

उतार अर्ध्या तासाचा होता. कारवीच्या झुडपातून पायवाट खाली जात होती. आत्यांचे गुडघे कुरकुर करत होते. ठकूबाईंनी कारवीची एक सरळ काठी तोडून त्यांच्या हातात दिली. दोन ठिकाणी मी बसून खाली घसरले. एकदा आत्याही घसरल्या आणि पाठीवर चिखल घेऊन हसत उठल्या. आवाज आधी घोंगावणारा होता, मग सरसरणारा झाला, मग बोलणं ऐकू येईना. शेवटच्या वळणावर उंबराची मुळं धरून आम्ही खाली उतरलो आणि समोर तो होता.

मी फोटोत धबधबे पाहिले होते. फोटोत गारवा नसतो. दोन मजली घराएवढ्या उंचीवरून पाणी काळ्या कातळावर तीन पदर सोडत उतरत होतं आणि खाली दोन खळी मावतील एवढा गोल डोह होता. कडेला पाणी इतकं नितळ की तळाचे गोटे मोजावेत, मध्ये हिरवं, आणि धारेखाली जवळजवळ काळं. धारेच्या उजव्या बाजूला पाण्याच्या मागं एक सपाट खडक आत शिरला होता. तुषारांवर उन्हाचा एक तुकडा पडला होता आणि त्यात रंग दिसत होते. हे इतक्या जवळ होतं, आमच्या घरापासून एका दिवसाच्या वाटेवर, आणि मी चव्वेचाळीस वर्षं टँकरची वाट बघत होते.

काठावर शेंदूर लावलेले सात गोटे होते. ठकूबाईंनी हळदकुंकू वाहिलं. सुनंदानं नारळ फोडला. आत्यांनी हिरव्या बांगड्या आणि खण ठेवला, ओंजळ जोडली आणि माझ्या कानावर पडेल एवढ्या आवाजात म्हणाल्या, “बायांनू, कृष्णाकाठची हाय मी. लय दिस झालं पाण्याला. सांबाळून घ्या.”

मग ठकूबाईंनी गवताचे भारे बांधायचा लांब दोर काढला.

“मी काय म्हस हाय व्हय दोर लावायला?” आत्या म्हणाल्या.

“म्हस परवडली. ती ऐकती,” ठकूबाई म्हणाल्या आणि त्यांनी गाठ मारली. दोराचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं. “तू सून हायस, तू धर.”

आत्या पाण्यात शिरल्या. घोटा, पोटरी, कंबर. पाणी बर्फासारखं होतं, त्यांच्या पाठीवर शहारा आलेला मला दिसला. एकदा त्यांनी मागं वळून पाहिलं. मग पुढं झुकल्या आणि त्यांचे पाय तळावरून सुटले.

गुडघ्यामुळं घरात दोन पायऱ्या चढताना भिंत धरणारी ही बाई पाण्यात शिरली आणि तिचं वय बाहेरच राहिलं. हात पुढं जात होते, बाजूला उघडत होते, परत छातीशी येत होते. काही आवाज नाही, शिंतोडे नाहीत. सुनंदानं माझा दंड घट्ट धरला. “मंगे, बघ तरी,” ती म्हणाली. मी बघतच होते.

मध्यावर त्या थांबल्या. डोकं थोडं खाली गेलं, वर आलं. तोंड उघडं होतं. थंडीनं त्यांना दम लागला होता आणि हात नुसतेच हलत होते.

मला ह्यांचं वाक्य आठवलं. मी दोर ओढला. जीव खाऊन ओढला. आणि माझ्या डोळ्यांसमोर आत्या पाण्याखाली गेल्या.

त्या दोन क्षणांचं मला नीट सांगता येणार नाही. सुनंदा ओरडली. ठकूबाईंनी पुढं होऊन माझ्या मनगटावर हात मारला. आत्या वर आल्या, खोकल्या, तोंडातलं पाणी फेकलं आणि मी बावीस वर्षांत ऐकला नव्हता असा त्यांचा आवाज आला.

“वडू नगंस. ढील दे. मंगल, ढील दे.”

मी हात सैल सोडले. दोर पाण्यावर पसरला. आत्या हळूहळू उताण्या झाल्या, हात दोन्हीकडं पसरले आणि पाण्यावर निजल्यासारख्या पडून राहिल्या. पोट वर खाली होत होतं. ठकूबाईंचे ओठ हलत होते, त्या बहुतेक सातीजणींना काहीतरी सांगत होत्या. दोर हातात असून तो ओढायचा नाही, हे मी आजवर केलेलं सगळ्यात अवघड काम होतं.

मग आत्या पालथ्या झाल्या आणि सावकाश, एकेक हात मोजत, निघाल्या. माघारी नाही. पुढं. धारेच्या कडेनं त्या उजव्या खडकाला पोचल्या, कोपरांवर चढल्या आणि पाय पाण्यात सोडून बसल्या. त्यांच्या मागं पाण्याचा पडदा पडत होता. त्यांनी आमच्याकडं बघून एक हात वर केला.

सुनंदा रडत होती. मी पण.

थोड्या वेळानं आत्यांनी कमरेची गाठ सोडली आणि दोर तिथल्या एका सुळक्याला बांधला. खुणेनं सांगितलं, तिकडचं टोक उंबराच्या मुळाला बांधा. सुनंदानं बांधलं. डोहावर आता एक दोर आडवा ताणलेला होता.

“आता तू ये,” धबधब्याच्या आवाजावर मात करत त्या म्हणाल्या. “दोर धर आन ये.”

मी नाही म्हणायला तोंड उघडलं. पण मघाशी मी त्यांना बुडवलं होतं, आणि त्या पलीकडं एकट्या बसल्या होत्या. मी ओढणी कमरेला बांधली आणि उतरले. थंडी हाडापर्यंत गेली. छातीएवढं पाणी झालं, मग पायाखालचा गोटा संपला. मी दोराला अशी लोंबकळले की दोर पाण्याखाली गेला आणि त्याच्याबरोबर मीही. नाकातोंडात पाणी गेलं. वर आले तेव्हा आत्या सांगत होत्या, “दोराला लोंबकाळू नगंस. नुस्ता हात ठेव. पाय मागं सोड. पाणीच उचलतंय.”

मी हात ठेवला. पाय मागं सोडले. आणि पाण्यानं खरंच उचललं. खाली हिरवा खोल अंधार होता, वर माझा हात दोरावर सरकत होता, आणि मी चालले होते. मला हसू यायला लागलं, हसताना परत पाणी तोंडात गेलं, तरी ते थांबेना. पलीकडं आत्यांनी माझा दंड धरून मला वर ओढलं.

आम्ही दोघी पाण्याच्या पडद्यामागं बसलो. समोर सगळं थरथरत होतं, उंबर, सुनंदा, ठकूबाईंचं लाल कुंकू. मी म्हटलं, “आत्या, मगाशी मी ओढलं.”

“भ्याली व्हतीस तू.”

“तुम्ही भ्याला नाहीत?”

“लय भ्याले,” त्या म्हणाल्या. “मधी वाटलं, इसरलं हात. मग पाठीला पाणी लागलं आन आठवलं, दमलं की निजायचं. माज्या आईनं शिकीवलं व्हतं ते.” त्यांनी ओले केस मागं सारले. दातावर दात वाजत होते आणि चेहरा उजळला होता. “परत जाताना मी दोराबिगर जाणार हाय.”

तशा त्या गेल्या. मी दोर धरून गेले, आणि जाऊन-येऊन एकूण तीन फेऱ्या केल्या. सुनंदाही उतरली. ठकूबाई काठावर सुनंदानं आणलेले सुके कपडे सांभाळत बसल्या. पण शेवटी आम्ही अंग पुसत होतो तेव्हा मी पाहिलं, त्यांनी लुगडं पोटरीपर्यंत उचललं होतं आणि त्या पाण्यात दोन पावलं आत जाऊन उभ्या होत्या.

संध्याकाळी ह्यांचा फोन आला. मी सगळं सांगितलं, ओढल्याचंही. मला वाटलं, आता रागावणार. मग त्यांनी विचारलं, “आई... हात कशी मारत होती?”

“आवाज न करता,” मी म्हटलं.

“फोटो काढलास?”

“माझे हात मोकळे नव्हते.”

आणखी एक दिवस

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघणार होतो. जीपवाल्यानं पिशवी आणून दिली होती, त्यामुळं बांधाबांध लगेच झाली. चहा पीत होतो तेव्हा दारात ठकूबाई आल्या. त्यांच्यामागं आणखी दोघी होत्या, एक म्हातारी आणि एक माझ्या वयाची. तिघींच्या हातात कोरडी लुगडी होती.

“म्हसरं सोडून आली,” ठकूबाई म्हणाल्या. “आसरांनी काय केलं न्हाई तुमाला. आमी रातभर इचार केला. आमाला बी दाखवा.”

आत्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी पिशवीतला निळा पायजमा-सदरा काढून ठकूबाईंपुढं धरला. त्यांनी तो उलटासुलटा केला, शिलाई पाहिली, “लय ब्येस शिवलंय,” म्हणाल्या आणि परत माझ्या हातात दिला. “पर ह्ये मी मेल्यावर बी घालणार न्हाई.” मग तो मीच घातला. आत्यांच्या मापाचा सदरा मला ढगळ होत होता आणि पाण्यात फुगून माझा फुगा झाला.

आम्ही त्या दिवशी गेलो नाही. दुपारपर्यंत आत्या कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहून एकेकीच्या पाठीखाली हात धरत होत्या. त्यांच्या शिकवण्यात फार शब्द नव्हते. “मान सोड.” “पोट वर.” “आभाळाकडं बग, माज्याकडं न्हवं.” म्हातारी पहिल्यांदाच तरंगली आणि तिलाच ते पटेना, ती उठून उभी राहून पाण्याकडं बघत राहिली. ठकूबाईंना मात्र जमेना. आठ म्हशी एकटीनं सांभाळणारी ती बाई, पण मान सोडायला तयार नव्हती. प्रत्येक वेळी मान ताठ व्हायची आणि पाय बुडायचे. शेवटी त्या चिडून बाहेर आल्या आणि काठावर बसल्या.

“मला न्हाई यायचं,” त्या म्हणाल्या. “चाळीस वर्सं ह्या मानंवर भारं वायलं. ती कुटली सुटती आता.”

आत्या त्यांच्याशेजारी जाऊन बसल्या. “मी सांगितलं आन तुमी लगीच केलं, असं कसं हुईल? रोज या. म्हसरं पाण्यावर आणताच. दोगीजणी असल्याबिगर उतरू नगासा. आन दमला की निजायचं.”

निघताना ठकूबाईंनी आत्यांना एक तूप भरलेली बरणी दिली आणि ते लुगडंही दिलं. आत्यांनी बरणी घेतली, लुगडं घेतलं नाही. “हितंच असू दे,” म्हणाल्या.

परत येताना जीपमध्ये त्या पुढच्या सीटवर मान टाकून झोपल्या. माझ्या कानात अजून पाणी होतं आणि डोकं हलवलं की डोह गुळगुळत होता. एसटीच्या खिडकीतून ढालगावच्या पवनचक्क्या दिसल्या तेव्हा मी आपल्या माळाकडं बघितलं. तसाच होता, पिवळा आणि खडकाळ. फक्त मी त्याच्याकडं दमून बघत नव्हते.

याला आता पाच महिने झाले. गेल्या आठवड्यात आम्ही दुपारी शेवया वळत होतो, तेव्हा सुनंदाचा फोन आला. ती म्हणाली, “थांब, एकजण बोलायचं म्हणतेय.” मी फोन स्पीकरवर टाकला. आधी वाऱ्याचा आवाज आला, मग खोकला, मग ठकूबाई.

“आत्याबाई हायत का?”

“बोला की,” आत्या पिठाचे हात तसेच धरून पुढं वाकल्या.

“मी पल्याड गेले आज.”

आत्यांनी हातावरचं पीठ ताटात झटकलं. मग म्हणाल्या, “एकटी?”

“न्हाई वो, म्हातारी व्हती काठावर. तुमी म्हणला व्हता न्हवं.”

“मग? पल्याड जाऊन काय केलंसा?”

“काय करायचं?” ठकूबाई म्हणाल्या. “बसले. पाणी पडत व्हतं, त्येच्या मागं बसले. लय वेळ बसले. म्हसरांनी वाट बगितली आन आपल्या आपण घरी गेली.”